मधली रिकामी जागा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आठ वर्षं एकच खुर्ची झिजवलेल्या आमच्या भाच्याला अखेर नोकरी लागली. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे सरकार आशा सोडू देत नाही, आणि पस्तिशीतल्या ‘फ्रेशर’ला खासगीवाले दारात उभं करत नाहीत. मुलाखतीत साहेबांनी बायोडेटावर पेन टेकवलं, “ही मधली आठ वर्षं?” पानिपतापासून ७३व्या घटनादुरुस्तीपर्यंत सगळं पाठ, नेमका हाच प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा! तरी गोदामात हिशेब लिहायला घेतलं. पगार कॉट बेसिसच्या भाड्याहून जरा बरा. ताई पेढे वाटत सुटली. शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकला नि विचारलं, “पर्मनंट आहे ना गं?”