अवकाशात जाण्यापूर्वीची निरवानिरव

‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशयुद्धाच्या खेळात पदार्पण करू इच्छिणाऱ्या होतकरू वैमानिकांच्या सोयीसाठी प्रस्तुत सूचना तयार केल्या आहेत. त्या वाचून खेळ सोपा जाईल, असा समज कोणीही करून घेऊ नये. आइसलंडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने मे २००३मध्ये हा खेळ आणला. नवख्या माणसाला तो जरा सुसह्य व्हावा म्हणून कंपनी तेव्हापासून इमानेइतबारे झटत आहे आणि जुने खेळाडू तितक्याच इमानेइतबारे तिचे प्रयत्न हाणून पाडत आहेत. या सूचना लिहिताना आम्ही दुसऱ्या पक्षाचे बळ गृहीत धरले आहे.

प्रथम चढणीविषयी. इतर खेळांत अवघडपणा पायरीपायरीने वाढतो. आधी अशक्त राक्षस येतात, मग जरा खाऊनपिऊन असलेले. ईव्हच्या खेळाडूंमध्ये एक जुने व्यंगचित्र फिरते. त्यात बाकीच्या खेळांच्या रेषा शहाण्यासारख्या हळूहळू वर जातात. ईव्हची रेषा मात्र भिंतीसारखी उभी राहते, वर पोहोचल्यावर मागे वळून चढणाऱ्याच्या डोक्यावर झुकते आणि तिथून माणसे टपाटप खाली पडत असतात. रायगडाचे टकमक टोक खालून चढायचे आहे, असे समजावे. फरक एवढाच की इथे वर उभी असलेली मंडळी लोटतात ती शिक्षा म्हणून नव्हे, हौसेने.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१२मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. पुढे प्रदर्शनात काही खेळ लोकांच्या हाती दिले, पण ईव्हची नुसती चित्रफीत लावली. संग्रहालय संध्याकाळी बंद होते, हे लक्षात घेता निर्णय योग्यच म्हणायचा.

आता निरवानिरव. इथे फुटलेले जहाज फुटले. ते परत येत नाही. विम्याचे पैसे मिळतात, पण त्यातून आत बसवलेली यंत्रे आणि माल भरून निघत नाही. त्या मालातला जो भाग स्फोटातून वाचतो तो मारेकरी उचलून नेतो. जहाज फुटल्यावर वैमानिक एका छोट्या कुपीत तरंगत राहतो. ही कुपी फोडणे हा सभ्य मारेकऱ्याच्या शिरस्त्याचाच भाग आहे. मग दूरच्या स्थानकावर नव्या देहात जाग येते, आधीच्या डोक्यात बसवलेली महागडी उपकरणे गेलेली असतात आणि समोर एक फुकट जहाज उभे असते. तुम्ही कॅल्डारी वंशाचे असाल तर त्याचे नाव आयबिस. हे जहाज कितीही वेळा फुटले तरी पुन्हा मिळते. तेव्हा, जे गमावणे परवडत नाही ते उडवू नये, हा जुन्या खेळाडूंचा नियम पहिल्याच दिवशी पाठ करावा. तो सगळ्यांना पाठ असतो. पाळलेला कोणी आमच्या पाहण्यात नाही.

शिक्षणाचे म्हणाल तर इथली कौशल्ये घड्याळाच्या काट्यावर येतात. तुम्ही रांग लावून द्यायची आणि कामावर जायचे, संगणक बंद असला तरी शिकणे चालू राहते. अगदी प्राथमिक कौशल्याच्या पहिल्या पातळीला २५० गुण लागतात, पाचवीपर्यंत पोहोचायला २,५६,०००. म्हणजे पहिली पातळी चहा निवेपर्यंत हाती येते आणि पाचवीला काही दिवस जातात. टायटन नावाची अजस्र जहाजे चालवायला लागणारी कौशल्ये याच गतीने शिकायची तर वर्षे लागतात. आजच्या उमेदवाराने तरी कुरकुर करू नये. डिसेंबर २०१०पर्यंत या खेळात ‘शिकण्याची कौशल्ये’ असा स्वतंत्र वर्ग होता. ती शिकल्याने काहीच करता येत नसे, फक्त पुढचे शिकणे जलद होई. त्यामुळे शहाणे नवखे कित्येक आठवडे बंदरात बसून शिकावे कसे हे शिकत. त्यातले बरेच जण तेवढे शिकून खेळ सोडून गेले. हा वर्ग रद्द झाला तेव्हा ज्यांनी तो पुरा केला होता त्यांनाच सर्वांत जास्त वाईट वाटले असावे.

पडद्याकडे वळू. जाहिरातीत दिसणारे तेजोमेघ, लेझरचे झोत आणि भव्य स्फोट यांची खेळताना अडचण होते, म्हणून बहुतेकजण दृश्य दूर सारून उजवीकडच्या तक्त्याकडे डोळे लावून बसतात. त्या तक्त्यात प्रत्येक जहाजाचे नाव, जात, अंतर आणि वेग असतो. लढाई म्हणजे या तक्त्यातली एक ओळ लाल होणे, तिच्यातले अंतर भराभर कमी होणे आणि मग तुमची ओळ नाहीशी होणे. अवकाशातला एक्सेल, असे या खेळाला लोक चिडवत. कंपनीने ते इतके मनावर घेतले की २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर हातमिळवणी करून खेळ खरोखरच एक्सेलला जोडण्याची घोषणा केली. पुण्यातल्या हिंजवडीत दिवसभर एक्सेल भरून घरी आलेल्या माणसाने विरंगुळा म्हणून हा खेळ निवडावा की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.

लढाईचे एक सूत्र मात्र समजून घेण्याजोगे आहे. मोठ्या जहाजाच्या तोफा जड असतात, त्या सावकाश वळतात. लक्ष्य किती लांब आहे याइतकेच ते डोळ्यांसमोरून किती वेगाने आडवे सरकते आहे, यावर नेम ठरतो. छोटे फ्रिगेट मोठ्या युद्धनौकेला अगदी जवळून घिरट्या घालत राहिले तर त्या तोफांना ते सापडत नाही. तेच फ्रिगेट सरळ रेषेत तिच्यावर चालून गेले तर आडवा वेग शून्य, आणि पहिल्याच फैरीत कारभार आटोपतो. नवखा माणूस नेमका सरळ जातो, कारण शत्रू दिसला की ‘जवळ जा’ असे लिहिलेले बटण हाताशी असते. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचे आयुष्य इथे फार थोडे आहे. ‘प्रदक्षिणा घाला’ असेही बटण आहे. ते शोधावे.

जहाजात यंत्रे बसवताना ढाल मजबूत करावी किंवा चिलखत. दोन्ही थोडे थोडे करू नये. हे वाचूनही प्रत्येकजण दोन्ही थोडे थोडे करतो, म्हणून अधिक लिहीत नाही.

पोलिसांविषयी बराच गैरसमज आहे. न्यू ईडन या दुनियेत सात हजारांहून अधिक तारकामंडले आहेत आणि प्रत्येकाला सुरक्षेचा आकडा दिलेला आहे. १.० ते ०.५ म्हणजे सुरक्षित मुलूख. इथे तुमच्यावर कोणी विनाकारण गोळी झाडली तर कॉनकॉर्ड नावाचे पोलीस येतात आणि हल्लेखोराचे जहाज हमखास नष्ट करतात. ‘येतात’ हे क्रियापद नीट वाचावे. आकडा जेवढा कमी तेवढे ते उशिरा येतात, आणि ०.५च्या मंडलात हा उशीर काही सेकंदांचा असला तरी तुमच्या मालवाहू जहाजाला तेवढे पुरतात. उएडामा हे अशा कामासाठी नावाजलेले ठिकाण. तिथे दहावीस स्वस्तातली कॅटलिस्ट जहाजे एकदम येतात, एक गलेलठ्ठ मालवाहू फोडतात आणि निमूटपणे पोलिसांच्या हातून मरतात. तोवर त्यांचा जोडीदार माल गोळा करून निघून गेलेला असतो. जहाजांची किंमत हा त्यांचा व्यवसायखर्च. गुन्हेगाराला शिक्षा शंभर टक्के होते, यावर फिर्यादीने समाधान मानायचे आहे.

याच कारणाने स्वयंचलित प्रवासाची सोय वापरू नये. ती जहाज एका मंडलातून दुसऱ्यात नेणाऱ्या फाटकाच्या अलीकडेच सोडते आणि उरलेले अंतर रमतगमत कापते. तुम्ही तेवढ्यात भाजी फोडणीला टाकायला गेलेले असता.

व्यापारासाठी जिटाला जावे लागते. चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळचे कॅल्डारी नौदलाचे स्थानक ही या विश्वातली सर्वांत मोठी बाजारपेठ. तिथे शिरताच गप्पांच्या चौकटीत मजकूर धावू लागतो: पैसे पाठवा, दुप्पट करून परत देतो, आजचा शेवटचा दिवस. दामदुप्पट योजनांचा महाराष्ट्राला जुना अनुभव असल्याने मराठी उमेदवार इथे सावध राहील, अशी आशा होती. पद्धत तीच आहे. आधी थोडे पाठवले की खरोखर दुप्पट परत येतात. मग बरेच पाठवले की काहीच येत नाही. तक्रार करायला जाऊ नका, फसवणूक या खेळात नियमबाह्य नाही. अगदी नवख्यांसाठी राखलेल्या आरंभीच्या मंडलांत त्यांना लुबाडायला कंपनीची मनाई आहे, पण तिथून बाहेर पाऊल टाकले की तुम्ही सज्ञान झालात. करारांतली शून्ये मोठ्याने मोजावीत.

या सगळ्याला कंटाळून पुष्कळजण सुरक्षित मुलखात एकटेच खडक फोडत बसतात. वेल्डस्पार नावाचा खनिज खडक मिळतो, कोणी हटकत नाही, कोणी बोलतही नाही. काहीजण बंदरातच थांबून माउसने आपले जहाज गरागरा फिरवत राहतात. किती गिरक्या झाल्या हे मोजणारा आकडाही कंपनीने पुरवला आहे. हे सुरक्षित उमेदवारच महिन्याभरात कायमचे निघून जातात. कंपनीच्या माणसांनी २०१५च्या फॅनफेस्ट मेळाव्यात आपल्याच नोंदी मांडून सांगितले होते की सुरुवातीच्या दिवसांत दुसऱ्या खेळाडूच्या हातून मेलेले नवखे न मेलेल्यांपेक्षा जास्त टिकतात. आम्हाला यात नवल वाटले नाही. मरणारा निदान कोणाला तरी भेटलेला असतो.

म्हणून कड्याखाली एकट्याने उभे राहू नये. एखाद्या मंडळात, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत, नाव घालावे. ईव्ह युनिव्हर्सिटी हे खेळाडूंनीच चालवलेले विद्यापीठ २००४पासून नवख्यांना शिकवत आहे. इतर मंडळे प्रवेश देण्याआधी तुमचे व्यवहार आणि पत्रे तपासायला मागतात, त्याचा राग मानू नये. २००५मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीने एका मंडळात कित्येक महिने आपली माणसे पेरली, विश्वास कमावला आणि ठरल्या दिवशी प्रमुखाला मारून तिजोऱ्या रिकाम्या केल्या. तेव्हापासून गरीब चेहऱ्याच्या उमेदवाराकडे अधिकच संशयाने पाहतात.

मंडळात तुम्हाला पहिल्या आठवड्यातच काम मिळेल. स्वस्त फ्रिगेट घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजाला वीसेक किलोमीटरच्या आत गाठायचे, त्याचे पळून जाण्याचे इंजिन अडवणारे यंत्र लावायचे आणि आपली मोठी जहाजे येईपर्यंत मरायचे नाही. ते जमत नाही, मरायला होतेच. पण शिकार साधली तर तिच्या जाहीर नोंदीत दहा वर्षे खेळलेल्यांच्या शेजारी तुमचे नाव लागते. जानेवारी २०१४मध्ये बी-आर५आरबी या मंडलात मंडल ताब्यात ठेवण्याची पट्टी भरायची राहून गेली म्हणून जवळजवळ एकवीस तास लढाई पेटली आणि ७५ टायटन फुटले. गर्दी एवढी झाली की सर्व्हरने खेळातला काळच दशांशावर आणला. बटण दाबून तोफ उडेपर्यंत नवख्याला शिकायला भरपूर वेळ मिळाला असणार.

वेळेविषयी एक सूचना. रोज भारतीय वेळेनुसार दुपारी साडेचारला सर्व्हर देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. महाराष्ट्रातल्या उमेदवाराने चहा त्याच वेळी घ्यावा, तेवढा वेळ त्याला कोणी मारू शकत नाही.

मेल्यानंतर गप्पांच्या चौकटीत शिवी लिहू नये, ती जपून ठेवली जाते आणि वर्षानुवर्षे वाचून दाखवली जाते. त्याऐवजी मारेकऱ्यास पत्र लिहावे. पुष्कळदा तो सविस्तर उत्तर देतो, यंत्रे कशी बसवायची ते सांगतो, क्वचित नव्या जहाजापुरते पैसेही पाठवतो. होतकरूंसाठी नमुना देत आहोत. गाळलेल्या जागा भराव्यात.

‘माननीय मारेकरी महोदय, स. न. वि. वि.

आज ______ या मंडलात आपण माझे ______ जातीचे जहाज आणि त्यानंतर मला फोडलेत. लढत चांगली झाली. माझ्या बाजूने ती ____ सेकंद चालली. आपण फाटकाशी आधीपासून होतात की माझ्या मागून आलात, आणि मी आपणास प्रथम कोठे दिसलो, याचा खुलासा व्हावा. मी ढाल व चिलखत दोन्ही थोडे थोडे बसवले होते, यावर आपल्या मंडळात बरेच हसू झाल्याचे कळते. कारण कळवल्यास उपकृत होईन.

आपला नम्र, ______

ता. क. : माझ्या मालातले वेल्डस्पार आपल्या कामाचे नसल्यास ते तिथेच राहू द्यावे. मी आयबिस घेऊन निघालो आहे.’