सेंटिमीटरवाले आजोबा

जर्मनीत जुने रेडिओ जमवणारे पुष्कळ. त्यांतली सगळ्यात चिवट जात म्हणजे सर्किट डायग्राम वाचणाऱ्यांची. श्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर तिचा एक अस्सल नमुना राहतो. सत्तरी ओलांडलेली, भिंग कपाळावर, आणि तेच भिंग शोधण्यात निम्मी सकाळ खर्ची. मनात मी त्यांना आजोबा म्हणतो. तोंडावर अर्थातच ‘हेर’ लावून आडनाव.

डायग्राम हातात आला की आजोबा आकडे बघतच नाहीत. आधी चौकशी: काढला कुणी? कुठल्या देशात? कुठल्या साली? आपल्याकडे मुलीला स्थळ बघतानाही एवढी कुळकथा काढत नाहीत.

एकदा वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, “कपॅसिटरवर ५०० सेंटिमीटर छापलंय, छपाईची चूक दिसते.” आजोबांचा चेहरा असा खुलला! १९३०च्या सुमाराच्या जर्मन डायग्राममध्ये कपॅसिटरची किंमत सेंटिमीटरातच देत. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात जेवढी विद्युतभार धरायची ताकद, ती एक सेंटिमीटर. आजच्या हिशेबाने १.११ पिकोफॅरड. म्हणून ९०० म्हणजे १०००, आणि ५०० म्हणजे ५५५. पोरगं हिशेबी. म्हणालं, “पण त्या काळचा माल तर वीस-वीस टक्के इकडेतिकडे असायचा ना?” आजोबांना नेमकं तेव्हाच ऐकू आलं नाही. पुढे ड्रॉवरमधून नवा कपॅसिटर निघाला तो ५६० चा. बाजारात तोच मिळतो.

पण चेकोस्लोव्हाकियाच्या टेस्ला रेडिओचा कागद आला, की आजोबांचा हट्ट शंभर टक्के रास्त. तिथे नुसतं ‘एम१’ लिहिलेलं असतं. अक्षर दशांशचिन्हाच्या जागी बसतं, म्हणजे ०.१. रेझिस्टरवर असेल तर ०.१ मेगओहम. कपॅसिटरवर असेल तर ०.१ मायक्रोफॅरड, कारण तिथली मोजणी पिकोफॅरडपासून सुरू होते. ‘के’ म्हणजे हजार पिकोफॅरड, ‘एम’ म्हणजे दहा लाख. घाईत कुणी एम१ ला एक मेगओहम समजला की दहापट घोळ. सोव्हिएत डायग्राममध्ये तर रेझिस्टरच्या चौकटीतल्या रेघाही बोलतात: तिरपी एक असेल तर पाव वॉट, लांबीच्या दिशेने असेल तर अर्धा, आडवी छेदणारी असेल तर एक. आजोबा या रेघा बोट फिरवून वाचतात आणि मान डोलावतात.

एवढा काथ्याकूट करून परवा तो सेंटिमीटरवाला, युद्धापूर्वीचा रेडिओ सुरू झाला. त्यात एफएम नाहीच; जर्मनीत ते १९४९ मध्ये आलं. आणि डॉइचलांडफुंक केंद्राचं मीडियम वेव्हवरचं प्रसारण २०१५ च्या अखेरीस बंद पडलं. भर दुपारी नुसती खरखर.

“काही लागलं का?” आजींनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या बातम्या मोबाईलवर ऐकतात.

“खरखर एकदम बरोबर आहे,” आजोबा म्हणाले, आणि हंगेरीचा डायग्राम शोधायला लागले.