डावं-उजवं

आमच्या घरातला डावा स्पीकर बिघडलाय, असा निष्कर्ष मी काही वर्षांपूर्वीच्या गणपतीत काढला. संध्याकाळी चहा घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि किशोरीताईंचा भूप लावला. इतकी वर्षं बरोबर टीव्हीच्या डोक्यावर उभा राहणारा आवाज त्या दिवशी उजवीकडे, देव्हाऱ्याच्या दिशेला सरकला होता.

पहिला संशय वायरींवर. डावीची वायर उजवीला, उजवीची डावीला लावून पाहिली. तरी डावीकडचा आवाज बारीकच. म्हणजे दोष डब्यातच. मग डबेच उचलून इकडचा तिकडे केला. त्यात पाठीत उसण भरली, पण आवाज डावीकडूनच बारीक. राहता राहिला डाव्या खिडकीचा जाड पडदा. तोच आवाज खात असणार. पडदा काढला. तो काढलाच आहे तर धुऊनही टाका, म्हणून घरातले सगळे पडदे भर पावसाळ्यात धुतले गेले आणि पुढचे चार दिवस दांडीवर कुबट वास सोडत लोंबले. शेवटी दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. त्याने दोन्ही डब्यांना आळीपाळीने कान लावला, “काका, दोन्ही ओके आहेत,” म्हणाला आणि तीनशे रुपये घेऊन गेला.

ही मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, खुर्ची फिरवून बसा बघू.”

बसलो. आता स्पीकर पाठीशी, समोर फ्रिज. भूप चालूच होता. मघाशी ठणठणीत असलेला देव्हाऱ्याकडचा डबा आता माझ्या डाव्या हाताला आला होता आणि त्याचाच आवाज बारीक झाला होता. मी बराच वेळ फ्रिजवरच्या दूधवाल्याच्या हिशेबाकडे बघत राहिलो. हिने मटार संपवले.

कानाच्या डॉक्टरांकडे एसटीडी बूथसारखी एक खोली होती. आत बसायचं, हेडफोन लावायचे आणि आवाज आला की बटण दाबायचं. आमची पिढी परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देणारी नव्हे. डाव्या कानात बराच वेळ काही येईना, तेव्हा मी अंदाजाने दोन-तीनदा बटण दाबलं. काचेपलीकडची मुलगी गोड हसून म्हणाली, “काका, आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं.” मग तिने माझ्या उजव्या कानात खळाळता आवाज सोडून दिला. डाव्या कानाशी वाजलेला मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडे पोचतो आणि चांगला कान परस्पर उत्तर देऊन मोकळा होतो. हुशार मुलाने शेजारच्याला उत्तर सांगू नये, म्हणून हा बंदोबस्त.

निकाल आलेखावर आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. आडवं मोजायचं ते २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत, आणि खाली जाल तितकं बहिरेपण जास्त. गोल सगळे विसाच्या आसपास शहाण्यासारखे रांगेत. फुल्या हजारापर्यंत त्यांच्या जरा खालून गुण्यागोविंदाने चालल्या आणि मग खंडाळ्याचा घाट उतरावा तशा खाली निघाल्या; ४००० ला साठ डेसिबल. डॉक्टरांनी ५१२ हर्ट्झचा चिमटा गुडघ्यावर आपटून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज मधे न थांबता सरळ उजव्या कानात गेला. म्हणजे मळ नव्हे, पडदा नव्हे, आतल्या नसेकडचं काम. एका बाजूलाच असं झालं की एमआरआय काढून खात्री करतात. तोही झाला, त्यात वावगं काही निघालं नाही. त्या नळीतला ठणठणाट मात्र दोन्ही कानांना सारखाच लागला.

ही गोष्ट तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती. मी घरी येऊन ॲम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण डावीकडे फिरवलं आणि आलाप पुन्हा टीव्हीवर आणून उभा केला. समाधानाने डोळे मिटले. पण तान सुरू झाली, तबला चढला आणि डावा कान असा काही किंचाळला की मी खुर्चीतून उठलो. नसेचा असा बिघाड झाला की बारीक आवाज ऐकू येत नाहीत, मोठे मात्र पूर्वीइतकेच मोठे लागतात. हळू बोललेलं न ऐकणारे आजोबा मोठ्याने बोललं की “ओरडतोस कशाला?” म्हणतात, त्यांच्यावर मी आजवर अन्याय करत आलो होतो. त्यातून त्या आठवड्यात आमचे साडू आले, सोफ्यावर बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, “तुमचा उजवा स्पीकर गेलाय वाटतं.”

बॅलन्सने सगळं मिटत नाही, कारण माझा डावा कान सगळंच कमी ऐकत नाही. तो निवडून कमी ऐकतो. डग्ग्याचा घुमार त्याला पोचतो, तबल्याची चाट पोचत नाही. हेडफोनमध्ये तानपुरा लावला की उजवीकडे जवारीची ती मधमाश्यांसारखी गुणगुण असते आणि डावीकडे नुसती तार. घोडीवरचा दोरा कोणीतरी काढून नेल्यासारखी. आवाज कितीही वाढवा, नुसती तार मोठी होते.

श्रवणयंत्रही आठ दिवस लावून पाहिलं. बोलण्यासाठी ते उत्तम. हिचं स्वयंपाकघरातलं स्वगतही ऐकू यायला लागलं, हा त्यातला तोटा. पण मूळचं ते बोलण्यासाठीच केलेलं. स्वतःची शिट्टी वाजू लागली की ती दाबण्याची सोय त्यात असते आणि लांबवलेला सूर त्याला शिट्टीच वाटतो. तानपुरा लावला, तर यंत्राने चोर समजून त्याचा पाठलाग सुरू केला. षड्ज थरथरू लागला. चारशे वर्षांच्या परंपरेला शिट्टी ठरवणारं यंत्र काढून मी डबीत ठेवलं. नंतर त्यात संगीतासाठी वेगळी सोय करून मिळाली आणि बरं चाललंय, पण आमच्यात अजून मोकळेपणा नाही.

स्टीरिओची कल्पना काढणारा इंग्लंडचा ॲलन ब्लमलाइन. सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं, आणि १९३१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. माणूस हुशारच, पण श्रोत्याचे दोन्ही कान सख्खे असतात, हे त्याने गृहीत धरलं. एक सावत्रही असू शकतो. त्यावर तोडगा मुलाने दाखवला. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाची एक खिट्टी असते. ती सरकवली की डावं-उजवं एकत्र होऊन दोन्ही कानांना सारखाच शिधा मिळतो. डाव्याच्या वाटणीची सतारही मग उजव्याला कळते. माझं तोंड बघून मुलाने धीरही दिला: बीच बॉइजचा ब्रायन विल्सन उजव्या कानाने जवळजवळ बहिरा होता आणि १९६६ चा ‘पेट साउंड्स’ त्याने मोनोतच केला. मी बीच बॉइज ऐकलेले नाहीत. तरी या गृहस्थांबद्दल तेव्हापासून भाऊबंदासारखी माया वाटते.

हल्ली मी बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्यांची जुनी ध्वनिमुद्रणं फार ऐकतो. वय झाल्यावर अस्सल जुन्याची गोडी लागते, असं साडू कौतुकाने सांगत फिरतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. त्या तबकड्यांत डावं-उजवं हा प्रकारच नव्हता आणि माझ्या डाव्या कानाला जे वरचे सूर येत नाहीत, ते तबकडीतही फारसे उतरलेले नाहीत. तेवढी साडेतीन मिनिटं आम्हा दोघा कानांत भेदभाव उरत नाही.

मैफलीचा प्रश्न मात्र राहिला होता. मला सभागृहाच्या डाव्या कडेला बसावं लागतं, म्हणजे उजवा कान रंगमंचाकडे होतो. आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त बँकवाल्यांचा उजवा कान अधू. त्यांना उजवी कड हवी. एकाच रिक्षाने जायचं आणि दोन टोकांना बसायचं, हे दोन वर्षं चाललं. गेल्या हिवाळ्यात तडजोड करून मधोमध शेजारी बसलो. ते माझ्या डावीकडे. म्हणजे त्यांचा अधू कान माझ्याकडे, माझा अधू कान त्यांच्याकडे. विलंबित चालू असताना ते मला काहीतरी म्हणाले असावेत. मीही त्यांना दोनदा काहीतरी सांगितलं. इतकी निवांत मैफल दोघांनीही कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मध्यंतरात चहाचे कप घेऊन उभे राहिलो तेव्हा त्यांनी हाताने खूण केली आणि आम्ही जागा बदलून घेतल्या.

“काय म्हणत होतात मघाशी?” मी विचारलं.

“बटाटेवडा घ्यायचा का, म्हणत होतो. आता संपले.”