शून्य पाऊल
बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात धरून किती पावलं टाकायची? दोन. मग तो मघाशी तीन टाकून गेला, त्याचं काय? अहो, पहिलं मोजायचंच नाही! धावताना चेंडू ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर होता, ते 'शून्य पाऊल'. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, हे रीतसर नियमात घातलं. शून्याचा शोध आपणच लावल्याचं सांगत फिरणाऱ्यांनी तरी तक्रार करू नये.

आता चेंडू 'ताब्यात' नेमका कधी आला, हे पंचानं ठरवायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत, तोंडात शिट्टी धरून. बाकावरच्या प्रशिक्षकाला मात्र ते लांबूनही लख्ख दिसतं. पाय समोरच्या संघाचा असेल, तर या प्रशिक्षकाची मोजणी एकपासूनच सुरू होते.

पंचांच्या चुका कबूल करण्यात अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचा प्रामाणिकपणा तर काय वर्णावा! 2015 पासून ती अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल मागाहून जाहीर करते: ही शिट्टी बरोबर, ही चुकली, ही वाजायलाच हवी होती. आणि निकाल? तो आहे तसाच. हरलेल्यांनी अहवालाला चौकट करून घ्यावी.