खुर्चीतून शिखरदर्शन
नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढू पाहणाऱ्या परदेशी गिर्यारोहकास पर्यटन विभागाचा परवाना घ्यावा लागतो, आणि वसंत ऋतूतील नेहमीच्या मार्गासाठी त्याचे शुल्क 2025 मध्ये 11,000 डॉलरवरून 15,000 डॉलर झाल्याने खरी चढाई काठमांडूतच सुरू होते, असे मानण्यास जागा आहे. मोहिमेबरोबर शासन संपर्क अधिकारी, म्हणजे नियमपालनावर देखरेख ठेवणारा सरकारी प्रतिनिधी, नेमते. त्याचा भत्ता, विमा आणि थंडीचे कपडे (बहुधा कपड्यांऐवजी रोख रक्कम) यांचा भार मोहिमेवरच पडतो. यांतील कित्येक अधिकारी 5,364 मीटरवरील तळछावणीपर्यंत फिरकतच नाहीत, ही तक्रार जुनी आहे. भत्त्याला मात्र विरळ हवा बाधत नसावी. शिखर गाठल्याचे प्रमाणपत्रही याच व्यवस्थेतून मिळते. 2016 साली महाराष्ट्रातील दोन गिर्यारोहकांना ते रीतसर मिळाले, पुढे छायाचित्रे बनावट असल्याचे इतर गिर्यारोहकांनी दाखवून दिल्यावर ते रद्द झाले आणि दोघांवर 10 वर्षांची बंदी आली. ज्या टेबलावरून ते कागद सहीशिक्क्यानिशी पुढे सरकले होते, त्यावर कसलीही बंदी आल्याचे ऐकिवात नाही.