वाक्यवाटप

मे महिन्याच्या सकाळी सुट्टी लागलेल्या शाळेतून तीस-चाळीस पोरं एका सुरात ‘आऽ, ईऽ, ऊऽ’ करताना ऐकू आली की आत सर आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. नाट्यशिबिराचे सर. झब्बा, शबनम, गळ्यात शिट्टी आणि काखेत एक लांबडी वही. त्यांना आडनावही असतं, पण ते फक्त हॉलच्या भाड्याच्या पावतीवर. या सरांविषयी गावाचं मत ठरलेलं आहे: नट व्हायचं होतं, जमलं नाही, मग दिग्दर्शक व्हायचं होतं, तेही जमलं नाही, म्हणून आता पोरांना उड्या मारायला लावतात. हे मत चुकीचं आहे असं माझं म्हणणं आहे, कारण सरांना दिग्दर्शक समजून तोलणं म्हणजे रेशनच्या दुकानदाराला तांदूळ पिकवता येत नाही म्हणून हिणवणं. सर नाटक बसवत नाहीत. सर वाक्यं वाटतात.

पुरावा त्या वहीत आहे. संहितेत पात्रं नऊ, शिबिरात मुलं बेचाळीस, आणि फी सगळ्यांनी सारखीच भरलेली. तेव्हा ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला’ हे एका दूताचं वाक्य एकाच दूताला देणं हा उघड अन्याय ठरतो. सर चार दूत आणतात. पहिला ‘महाराज!’ म्हणतो, दुसरा ‘शत्रू!’, तिसरा ‘वेशीपाशी!’ आणि चौथा ‘आला!’ दुसऱ्या दिवशी चौथ्या दूताची आई येते. तक्रार रास्त असते: तिसऱ्याला चार अक्षरं आणि आमच्याला दोनच? सर वही उघडतात आणि ‘आला’चं ‘येऊन ठेपला आहे’ करतात. मग दुसऱ्याचे वडील येतात, आणि शत्रू महाबलाढ्य होतो. आठवड्याभरात बातमी एवढी फुगते की ती सांगून होईपर्यंत खऱ्या शत्रूने राजधानी घेऊन कर वसूल करायलाही सुरुवात केली असती. राजाचंही तेच. पहिल्या प्रवेशातला राजा वेगळा, दुसऱ्यातला वेगळा. मिशी मात्र एकच, ती विंगेत एका ओठावरून दुसऱ्यावर जाते. उरलेल्यांची झाडं होतात. पण झाडांनाही पालक असतात, म्हणून झाडं ‘सळसळ’ म्हणतात. ‘सळसळ’ हे वाक्य धरायचं की नाही, यावर पालकांत दोन तट पडतात. सरांचा निर्णय कायमचा आहे: धरायचं.

याला नाटक म्हणायचं का, हा पहिला आक्षेप. तो घेणाऱ्यांच्या मनात मराठी बालरंगभूमीचा इतिहास असतो आणि तो खरोखर देखणा आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं ते रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने, पुढे मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. तेंडुलकरांनी मुलांसाठी ‘इथे बाळे मिळतात’ लिहिलं, पु. लं.नी ‘वयं मोठं खोटम्’. पण या इतिहासातलं लोकांना आठवतं ते काय, ते पाहा. ‘अलबत्या गलबत्या’ म्हटलं की चेटकीण आठवते, आणि ती साकारली दिलीप प्रभावळकरांनी. नव्या संचात वैभव मांगले यांनी. १९८६मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’पासून पुण्यात रुजलेल्या ग्रिप्स चळवळीने तर कामं कोणी करायची हा प्रश्न मुळातूनच सोडवला: बर्लिनहून आलेल्या या पद्धतीत मुलांच्या भूमिका मोठी माणसंच करतात. म्हणजे ज्याला आपण बालरंगभूमीचं वैभव म्हणतो, त्याचा बराचसा भाग मोठ्यांनी केलेला आणि मुलांनी पाहिलेला आहे. सरांकडे बरोबर उलटं असतं: मुलं करतात आणि मोठ्यांना बघावं लागतं. पहिल्या व्यवहारात उत्तम चेटकीण एक असली की काम भागतं. दुसऱ्यात बेचाळीस जणांना रंगमंचावर येऊन सुखरूप परत जायचं असतं. दोन्हींना एकच फूटपट्टी लावून सरांना नापास करणं सोपं आहे, पण ती मापातली लबाडी आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड, कारण तो जाणकारांचा आहे. पीटर स्लेड या इंग्रज नाट्यशिक्षकाने १९५४मध्येच सांगून ठेवलं की लहान मुलांचं नाट्य हा त्यांचा खेळ आहे. त्यांना रंगमंचावर चढवून प्रेक्षकांपुढे उभं केलं की ती दाखवायला लागतात आणि खेळ मरतो. हे पटण्यासारखं आहे. समारोपाच्या प्रयोगात पहिली तीन झाडं प्रेक्षागृहात आजी कुठे बसली आहे ते शोधत असतात, आणि सापडली की सळसळायचं विसरून हात हलवतात. पण प्रयोगच नको म्हटलं तर आपल्याकडे शिबिर भरणार नाही. प्रयोग नाही म्हणजे व्हिडिओ नाही, व्हिडिओ नाही म्हणजे फी कशाची? हॉल, ड्रेपरी, रंगभूषा, माइक हे सगळं त्या एका संध्याकाळच्या आशेवर उधार मिळतं. (मुकुट मात्र आता पुठ्ठ्याचे. २०१८च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोल गेलं आणि मराठी नेपथ्यातली निम्मी राज्यं खालसा झाली.) शिवाय स्लेडला हवा होता तो खेळ तालमीचे नऊ दिवस चालूच असतो. राक्षस कोणी व्हायचं यावरून भांडण, मग समझोता, मग राक्षसालाच घाबरून राक्षसाचं रडणं, हे सगळं तिथे होऊन जातं. दहाव्या दिवशी आईबापांना दाखवतात तो त्या खेळाचा फक्त हिशेब.

आणि हिशेबात एक गोष्ट कुठेच दिसत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाक्य मिळतं ते स्पष्ट बोलणाऱ्या, गोऱ्यागोमट्या, बाईंच्या लाडक्या मुलांना. स्पर्धेच्या बालनाट्यात ते बक्षीस आणू शकणाऱ्यांना. तोतरं बोलणारा मुलगा या दोन्हीकडे पडदा ओढतो. सरांच्या वहीत त्यालाही वाटा असतो, आणि तो ‘महाराज!’ म्हणायला दोन सेकंद जास्त घेतो तेव्हा उरलेले तीन दूत थांबतात, कारण सरांनी त्या थांबण्याची तालीम घेतलेली असते. इथे सरांना दाद द्यावी लागते, मनात नसलं तरी. आठवी-नववीतल्या मुलांसाठीही ते जागा काढतात. आवाज फुटलेला, मिसरूड डोकावणारी, सशाचे कान लावायला लाज वाटते. अशा एखाद्याच्या हाती प्रॉम्प्टिंगची वही येते. विंगेत उभं राहून तो मुलगा सगळ्यांची सगळी वाक्यं पुटपुटतो, आणि त्याच्या नावापुढे सरांच्या वहीत शून्य असतं. पुढच्या वर्षी दहावी. तो येत नाही, आणि सर पुन्हा ‘आऽ, ईऽ, ऊऽ’पासून सुरू करतात.

शून्य आणखी एका नावापुढे असतं. प्रयोग संपल्यावर प्रमुख पाहुणे बोलतात, नगरसेवक बोलतात, हॉलचे विश्वस्त संस्कारांवर बोलतात. नऊला हॉल रिकामा करायचा असल्याने सरांच्या मनोगताला कात्री लागते. अगदी शेवटी कोणीतरी त्यांच्या हाती माइक देतं आणि त्यांना त्या संध्याकाळचं त्यांचं एकमेव वाक्य मिळतं: ‘कृपया आपापली मुलं आणि डबे ओळखून घेऊन जा.’ तेही तीन तुकड्यांत, कारण माइक मधेमधे जात असतो.