फुलाचा नवा वाण घरच्या घरी : इच्छुकांसाठी मार्गदर्शक सूचना

कलम १ : पात्रता
पूर्वेकडची खिडकी, तीन-चार वर्षांची सवड आणि वस्तू टाकून देण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, अशा कोणाही व्यक्तीस घरात फुलझाडाचा नवा वाण काढता येतो. वय, शिक्षण वा चटईक्षेत्राची अट नाही. पहिल्या दोन बाबी आपल्याकडे सहज जमतात. तिसरीसाठी कलम ६ पाहावे.

कलम २ : झाडाची निवड
गुलाबाच्या वाटेला जाऊ नये. गव्हाच्या संशोधनातून वेळ काढून डॉ. बी. पी. पाल यांनी तिथे एवढे काम करून ठेवले आहे की नवशिक्याला संकोच वाटावा. आफ्रिकन व्हायोलेट घ्यावे. ते वीतभर कुंडीत मावते, फूल द्यायला मुहूर्त पाहत नाही आणि मांजराच्या जागेवर अतिक्रमण करत नाही.

हे झाड मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांतले. त्या काळच्या जर्मन वसाहतीतले अधिकारी बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांनी १८९२च्या सुमारास ते मायदेशी वडिलांकडे पाठवले. १८९३मध्ये हर्मन वेंडलंड यांनी त्याच्या वंशाला ‘सेंटपॉलिया’ हे नाव दिले. मुलाने परदेशातून झाड पाठवायचे आणि वडिलांनी ते जगवायचे, एवढ्यावर घराण्याचे नाव अजरामर झाले. अलीकडे शास्त्रज्ञांनी ही सगळी झाडे ‘स्ट्रेप्टोकार्पस’ या वंशात हलवली आहेत. अजरामर होऊ इच्छिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कलम ३ : संकर
या फुलातले पराग आपणहून झडत नाहीत; ते दोन पिवळ्या पिशव्यांत बंद असतात. रानात विशिष्ट मधमाश्या गुणगुणून ते हलवून काढतात. घरात हे काम अर्जदाराने करावे. गुणगुणणे ऐच्छिक आहे. पित्याच्या फुलातली एक पिवळी पिशवी टाचणीने फोडावी, आतली पूड नखावर घ्यावी आणि मातेच्या फुलातल्या, एका बाजूला झुकलेल्या बारीक दांडीच्या टोकाला लावावी. खबरदारी म्हणून मातेच्या पिशव्या आधीच खुडून टाकाव्यात.

लगेच पट्टी लावावी. ती पेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई पाण्याने व उन्हाने उडते आणि मग कोणाचे मूल कोणाचे, हा वाद घरात कायमचा राहतो. पट्टीवर आईचे नाव आधी, बापाचे नंतर, ही संकर करणाऱ्यांची जुनी रीत आहे. महाराष्ट्र शासनाला माणसांच्या बाबतीत हे २०२४ साली सुचले.

कलम ४ : प्रतीक्षा
फूल गळते आणि मागे हिरवे बोंड फुगू लागते. ते पिकायला साधारण चार-सहा महिने लागतात. रोज दाबून पाहू नये. सुकल्यावर आतून शेकडो बिया निघतात, धुळीइतक्या बारीक. पंखा बंद करावा, शिंक आवरावी. ओलसर कोकोपीटवर त्या नुसत्या भुरभुरवाव्यात. वर माती टाकू नये, त्यांना उजेड लागतो. मिठाईचा पारदर्शक डबा झाकण लावून वापरावा, मात्र तो आधी रिकामा करावा. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. पुढे पहिले फूल यायला आणखी सहा-आठ महिने.

कलम ५ : पहिली निराशा
जांभळ्याशी गुलाबीचा संकर केला, आणि जांभळे झाड शुद्ध असले, तर पहिल्या पिढीत सगळी रोपे जांभळी येतात. रडू नये. जांभळा प्रभावी असतो आणि गुलाबी दबून राहतो. तो मेलेला नसतो. याच भावंडांचा आपसांत संकर केला की पुढच्या पिढीत सरासरी चारात एक गुलाबी निघते. मेंडेलने वाटाण्यावर हेच दाखवून १८६६मध्ये छापले आणि जगाच्या ते १९००मध्ये लक्षात आले. अर्जदाराच्या कुटुंबीयांना उशिरा लक्षात आले, तर त्यांना दोष देऊ नये.

कलम ६ : टाकून देणे (सर्वांत महत्त्वाचे)
संकर कोणालाही जमतो. नवा वाण निघतो तो उकिरड्यावर. शंभर रोपांतली पंचाण्णव आपल्या आई-बापांहून कमी देखणी असतात, आणि त्यांना जगवत ठेवले की खिडकीत चांगल्या रोपाला जागाच उरत नाही. लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या रोपवाटिकेने १९२०च्या दशकात युरोपातून बी आणून भरपूर रोपे वाढवली आणि त्यांतून नावाजण्याजोगी म्हणून दहाच ठेवली. त्यांतल्या ‘ब्लू बॉय’चा वंश जगभर पसरला.

या कामात घरातून पुढील हरकती येतील : “अहो, जिवंत आहे ते.” “राहू द्या, बाल्कनीत आहे जागा.” “आईंच्या हातचं आहे.” सर्व हरकती फेटाळाव्यात. रोप टाकवत नसेल, तर सोसायटीच्या गणपतीत वाटावे. पण वाटण्याआधी पट्टी काढून घ्यावी. नाहीतर तुमचे नाकारलेले रोप तुमच्याच नावाने घरोघरी फुलते.

कलम ७ : खात्री
निवडलेल्या रोपाचे पान देठासह मातीत खोचावे. त्याला पिल्ले फुटतात. ती मोठी होऊन तंतोतंत तसेच फूल देतात का, हे दोन-तीन पिढ्या पाहावे. पाकळीवर चक्रासारखे पट्टे असतील तर पानाची पिल्ले बहुधा बेइमान निघतात. तिथे बाजूचा फुटवा काढून लावावा. आपल्या २००१च्या वाण संरक्षण कायद्यालाही नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता हे चारही गुण लागतात. निवडणुकीच्या उमेदवारांना ही अट अद्याप लागू नाही.

या काळात शेजारच्या काकू “एकच पान द्या ना” म्हणतील. देऊ नये. एका पानात अख्खा वाण असतो.

कलम ८ : नामकरण
नोंदणी १९४६ साली स्थापन झालेल्या आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिकेकडे होते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या नावात लॅटिन चालत नाही, आधी दिलेले नाव पुन्हा चालत नाही आणि स्वतःची अवाजवी स्तुतीही चालत नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्र भूषण’ बाद. आर्माकॉस्टच्या दहा रोपांत ‘व्हायकिंग’, ‘नेपच्यून’, ‘ॲडमिरल’ होती आणि एकाचे नाव नुसते ‘नंबर ३२’ होते. घरात नावावरून एकमत होत नसेल, तर हा पायंडा आहे.

कलम ९ : निर्णय
ज्याला फुलाची हौस आहे त्याने रोपवाटिकेतून तयार कुंडी आणावी. फूल तितकेच छान दिसते. ज्याच्या हातून शंभरातली पंचाण्णव रोपे टाकली जातील, त्यानेच टाचणी उचलावी. बाकीच्यांनी जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जावे, तिकीट काढावे आणि दुसऱ्याच्या फुलाला नावे ठेवावीत.